एलिजर मास्तरांचं वतन

एलिजर मास्तरांविषयी कुणी चांगलं बोलायला लागलं की मी तिथून उठते. परवा आमच्यातल्याच एका लग्नात एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "काय कीर्तन करायचे हो मास्तर, अब्राहाम अगदी समोर उभा राहायचा." मी ताटावरून उठले. बिर्ड्याची उसळ तशीच राहिली याचं वाईट वाटलं, मास्तरांचं काही वाटलं नाही. इतकी वर्षं झाली तरी त्या माणसाचा राग माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, देव एक आणि तो यहुद्यांचा. पन्नास सालाच्या आसपास खडकी-दापोडीच्या बाजूला आमची दहा-बारा घरं असतील. पुरुष बहुतेक कारखान्यांत. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आई आणि मी दापोडीला रेल्वे फाटकाजवळ दीड खोलीत राहत होतो. थोरली बहीण रिवका, म्हणजे माझी ताई, कासारवाडीला दिलेली. तिचे यजमान रूबेन भाऊजी एका कारखान्याच्या सुतारखात्यात होते, आणि त्याच कारखान्यात एलिजर मास्तर टाइमकीपर होते. मास्तर ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती. रविवारी चार पोरांना हिब्रू अक्षरं गिरवायला लावत, तेवढ्या भांडवलावर त्यांनी ती घेतली होती.

माणूस दिसायला भारदस्त. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कारखान्याच्या फाटकात हातात घड्याळ धरून उभे. कुणाला एक मिनिट उशीर झाला तरी त्याच्या कार्डावर लाल खूण. शनिवारी कामाला हात लावू नये हे आम्हाला शिकवणार हे, आणि शनिवारी सकाळी सात वाजता फाटकात हजर असणारही हेच. आमच्या आईनं एकदा विचारलं तर म्हणाले, "मी काम कुठं करतो? मी फक्त बघतो." आयुष्यभर त्यांनी तेवढंच केलं. दुसरे राबत आणि हे बघत.

त्यांची एक खोड सगळ्यांना पाठ होती. कशाचाही विषय निघू दे, हे "आपल्या देशात" म्हणून सुरू होत. पेरू खाताना म्हणत, "हे काय पेरू, आपल्या देशात द्राक्षाचा एक घड दोन माणसं काठीवर घालून वाहतात." पवनेचं पाणी गढूळ आलं की आपल्या देशातल्या नद्या निघत. आपला देश म्हणजे इस्राएल. पाहिला होता का? छे. कोकणातलं गाव सोडून थेट दापोडीला आलेला माणूस हा. लोणावळ्यालाच थंडी वाजते म्हणून परत फिरायचा. पण तिकडचं राज्य झाल्यापासून घरात एक ट्रंक भरून ठेवलेली होती. तीत लोकरीचा कोट, दोन पांघरुणं आणि प्रार्थनेची शाल. दरवर्षी सणाच्या आधी ती उघडायची, डांबराच्या नव्या गोळ्या टाकायच्या आणि पुन्हा कुलूप. आल्यागेल्याला दाखवत, "आपली तयारी आहे बरं का." मी मनात म्हणायचे, तयारी तर कसरीचीही आहे.

आणि कीर्तन. आमच्या लोकांनी कीर्तन शेजाऱ्यांकडूनच उचललं. पेटी, टाळ, साक्या, दिंड्या सगळं तेच, फक्त कथा आमच्या शास्त्रातल्या. रविवारी दुपारी कुणाच्या तरी अंगणात सतरंज्या पडत. मास्तरांची आवडती कथा एकच, अब्राहामाला देवानं दिलेलं वचन. देव त्याला म्हणतो, उभा राहा, चारही दिशांना बघ, दिसेल तेवढी जमीन तुला आणि तुझ्या वंशाला कायमची दिली. इथं मास्तर उपरणं सावरून चारही दिशांना वळत. पश्चिमेला आमच्या बायका बसलेल्या असायच्या, त्यामुळे ती दिशा जरा लांबायची. मग मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत अशी चतुःसीमा ते मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखी खडाखडा म्हणत, आणि आवाज चढवून शेवटी सांगत, "हे आपलं वतन. देवाशी झालेला करार आहे हा. कुणाचा बाप मोडू शकत नाही."

वतन हा शब्द काही मास्तरांनी शोधला नव्हता. आमच्या मराठी शास्त्रात तो तसाच छापलेला आहे. पण एकदा कासारवाडीला ताईच्या अंगणात कीर्तन झालं तेव्हा तिचे घरमालक गेनबा कोपऱ्यात येऊन बसले होते. जुने शेतकरी, हातात तंबाखूची चंची. त्या दिवसांत गावोगाव एकच चर्चा होती, सरकार वतनं खालसा करतंय आणि कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळणार. गेनबांनी वतन हा शब्द ऐकला आणि ते सरसावून बसले.

"मास्तर, येक इचारू का?" कथा संपल्यावर ते म्हणाले. "ह्या वतनाची सनद कुनी दिली?"

"परमेश्वरानं," मास्तर म्हणाले.

"लेखी हाय?"

"लेखी आहे." मास्तरांनी पोथी उंच धरली.

"मंग ऱ्हायलं म्हनायचं तुमचं. आमच्या कुलकर्न्याचं गेलं." बायका पदरात हसल्या. गेनबा मात्र गंभीर होते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. "पर येक सांगा. तुमी इतकी वर्सं हितं. मंग तितं कसतंय कोन?"

मास्तर पोथी फडक्यात गुंडाळू लागले. गेनबांनी तंबाखू मळली.

"म्हंजी कूळ आसंल की. कूळ आसलं तर नुसती सनद दावून भागत न्हाई बरं, मास्तर. मामलेदार इचारतो, वहिवाट कुनाची हाय."

"अहो, हा शेतजमिनीचा विषय नाही," मास्तर चिडून म्हणाले. "हा आत्म्याचा विषय आहे."

"आस्सं व्हय," गेनबा म्हणाले. "मंग आत्म्याला जमीन कशापाई लागती?"

मास्तरांनी पेटीवाल्याला खूण केली आणि शेवटचं पद सुरू करून टाकलं. नंतर महिनाभर ते ताईकडे चहाला आले नाहीत, आणि असल्या अडाण्यांच्या दारात कीर्तन ठेवलंच कशाला म्हणून भाऊजींना बोलले. मला विचाराल तर त्या दिवशी अंगणात शास्त्राचा अर्थ विचारणारा एकच माणूस होता आणि तो गेनबा होता.

एक स्पष्ट सांगते. आमच्या आईचा त्या वचनावर विश्वास होता, माझाही नव्हता असं नाही. रोजच्या प्रार्थनेत ते येतं, लहानपणापासून जिभेवर बसलेलं आहे. वचन देणाऱ्याशी आमचं भांडण नव्हतं. ते वचन आपल्या खिशातलं असल्यासारखं लोकांना वाटत फिरणाऱ्या मास्तरांशी होतं.

भाऊजी साधे. हात सोन्याचे, पण बोलणं कमी आणि ऐकणं फार. कीर्तनात पुढच्या सतरंजीवर बसायचे आणि मास्तर दिशांना वळले की हेही मान वळवायचे. मास्तरांनी सावज बरोबर हेरलं. रोज सुटी झाल्यावर फाटकात थांबवून ठेवायचे. "रूबेन, देवानं तुला देश लिहून दिलाय आणि तू पत्र्याखाली भाड्यानं राहतोस? तुझ्यासारख्या सुतारासाठी तिथं घरं बांधायची थांबली आहेत." वर्षभर हे चाललं. शेवटी इस्राएलला माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या कचेरीत नावं लागली. ताईला जायचं नव्हतं. तिला दोन लहान मुलं, आणि आई इकडे. ती मास्तरांना सरळ म्हणाली, "मास्तर, तुमचं कधी?"

"माझं सगळ्यांच्या शेवटी," मास्तर म्हणाले. "मी गेलो तर मागच्यांना कोण नेणार? मोशेनं आधी लोकांना समुद्र पार करवला."

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मोशे पुढं होता हो मास्तर. काठी घेऊन."

भाऊजींनी नोकरी सोडली, त्यांचं कार्ड मास्तरांनी स्वतः आडवी रेघ मारून बंद केलं. दापोडी स्टेशनावर हारतुरे झाले, मास्तरांचं भाषण झालं. गाडीनं शिटी दिली तरी हे फरात नदीवरच होते. ताईनं खिडकीतून माझा हात धरला होता. तिचं तोंड मला अजून दिसतं.

ताईची पत्रं येऊ लागली. पहिल्या पत्रात संत्री होती, मोठी आणि गोड, आणि मुलांना शाळेत दूध मिळतं हेही होतं. ते पत्र मास्तरांनी आमच्याकडून मागून नेलं आणि कीर्तनात वाचून दाखवलं. दुसऱ्या पत्रात वाळवंटातली वस्ती होती, तंबू होता, आणि भाऊजींना सुतारकाम नव्हे तर रस्त्याची खडी फोडायचं काम मिळालं होतं. तिसऱ्यात होतं की पावाच्या रांगेत एका बाईनं ताईला मागं सारलं आणि विचारलं, तू एवढी काळी, तू आमच्यातली कशावरून? आईला वाचून दाखवताना मी ती ओळ गाळली. मास्तरांपुढं मात्र पत्र तसंच धरलं. त्यांनी हात मागं घेतला. "बायकांची पत्रं काय ऐकायची," म्हणाले.

दीड वर्षानं माणसं परत आली. भाऊजी वाळून गेलेले आणि ताई मुकी झाल्यासारखी. कासारवाडीच्या खोल्यांत मराठवाड्यातलं एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यात गेनबांचा दोष नव्हता, माणसं परत येतील हे त्यांना तरी काय ठाऊक? मग आमच्या दीड खोलीत सहा जण. भाऊजी दिवसभर बाहेर पायरीवर बसून राहायचे. हाताला काम नाही म्हटल्यावर त्या माणसाला हात कुठं ठेवावे ते कळायचं नाही. पुन्हा कारखान्यात घेतलं तरच ते घर उभं राहणार होतं, दुसरं काही दिसत नव्हतं.

सुतारखात्यात जागा होती. साहेबानं भाऊजींचं काम पाहिलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तुमच्या मास्तरांना विचारतो, त्यांनी हो म्हटलं की ये." म्हणजे सगळं मास्तरांच्या एका शब्दावर आलं. भाऊजी त्यांच्या घरी गेले. मास्तरांनी बस म्हटलं नाही.

"तू देशाची निंदा केलीस," म्हणाले.

"मी कुणाला काही बोललो नाही, मास्तर."

"परत आलास हीच निंदा झाली."

आणि पुढच्याच रविवारी कीर्तनाला कथा कुठली? बारा हेरांची. मोशे वचनदत्त देश पाहायला बारा जण पाठवतो, त्यातले दहा जण येऊन सांगतात, ती भूमी माणसांना गिळते, तिथं जाऊ नका. आणि त्या दहांवर देवाचा कोप होतो. मास्तर प्रत्येक हेराचं नाव घेताना भाऊजींकडे बघत होते. भाऊजी मान खाली घालून पुढच्या सतरंजीवरच बसले होते, मागं बसायचंही त्या भल्या माणसाला सुचलं नाही. मला उठून मास्तरांच्या हातातले टाळ हिसकावून घ्यावेसे वाटत होते. मी उठले नाही. ताईनं माझा पदर धरून ठेवला होता, कारण साहेबाला अजून उत्तर गेलेलं नव्हतं.

दारफळणीचा सण जवळ आला होता. वर्षाचा सर्वांत मोठा उपास. त्या दिवशी आकाशाचे दरवाजे बंद होतात आणि वर्षाचा हिशेब देवाकडे पक्का होतो, अशी समजूत. त्याआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची आमच्यात रीत आहे. माणसानं माणसाची मागायची, साधीसुधी रीत. मास्तरांनी निरोप पाठवला, रूबेननं सणाच्या आधी सर्वांसमोर उभं राहून देशाची माफी मागावी, मग मी साहेबाशी बोलेन. देशाची माफी! असलं काही कुठल्या शास्त्रात आहे, ते मी अजून शोधते आहे.

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताई त्यांना म्हणाली, "म्हणून टाका. शब्दच आहेत."

सणाच्या आधीच्या रविवारी, खडकीला ज्या घरी प्रार्थना व्हायची तिथं आम्ही सकाळीच गेलो. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची प्रार्थना सुरू होत नाही, आणि त्या दिवशी नऊच होते. भाऊजी आत आले तेव्हा दहा झाले. त्या दहाव्या माणसाच्या जिवावर प्रार्थना पार पडली आणि मग त्यालाच मास्तरांनी पुढं बोलावलं. आम्ही बायका पडद्यामागं होतो. भाऊजींचा आवाज आला, "देश चांगला आहे. उणं माझ्यात होतं. मला माफ करा."

"ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले.

सगळ्यांना ऐकू आलं होतं. तरी भाऊजींनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. ताई पडद्याला कपाळ टेकून उभी होती. बाकीच्या आठ पुरुषांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. तेही सगळे मला तेव्हापासून नकोसे झाले, पण ते दुबळे होते. मास्तर मात्र त्या दिवशी खुशीत होते, सर्वांना वेलदोडे वाटत फिरत होते. असला नीच आनंद मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

सोमवारी भाऊजी कामावर गेले. मास्तरांनी दिलेला शब्द पाळला, हे मला नाकारता येत नाही.

त्यानंतर भाऊजी कधी तिकडचं वाईट बोलले नाहीत. मुलांनी विचारलं, कारखान्यात कुणी विचारलं, तरी उत्तर ठरलेलं, "देश चांगला आहे." त्याच आवाजात, तेवढेच शब्द. मास्तर नव्या माणसांना त्यांच्याकडे बोट करून सांगत, "विचारा ना रूबेनला, तो पाहून आलाय." त्या बोटावर आणखी दोन घरं गेली. त्यांचं भलं झालं की वाईट, मला ठाऊक नाही. मास्तरांचा मुलगाही गेला. तो मात्र बापाला न विचारता गेला. पुढं सहा महिने मास्तर छाती काढून फिरत होते, जसं काही यांनीच त्याला पाठवलं. स्वतः तरीही इथंच, ट्रंकेला कुलूप लावून.

सहा-सात वर्षं गेली. पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते, भाऊजी तिकडे लागले आणि हमरस्त्याला लागूनच त्यांनी दोन खोल्या केल्या. एका रविवारी दुपारी मी तिथं होते. भाऊजी दारात मोडक्या खुर्चीला पाय बसवत होते. फाटकातून मास्तर आले. निवृत्त झालेले, बायको वारलेली, कारखान्याची खोली महिन्याभरात रिकामी करायची होती. कोट तोच, पण आतला माणूस त्यात सैल झाला होता. ताईनं चहा टाकला.

त्यांनी खिशातून मुलाचं पत्र काढलं. कागदपत्रं तयार आहेत, या, असं होतं त्यात. मास्तर बराच वेळ ते पत्र घडी करत आणि उलगडत बसले.

"रूबेन," शेवटी म्हणाले. "खरं सांग. तिथं कसं आहे?"

भाऊजींनी खुर्ची उलटी केली. "देश चांगला आहे, मास्तर."

"तसं नको. मी आता साठीला आलो. पोरगा लिहितो त्यातलं किती धरायचं? तुला तिथं काय दिसलं, ते सांग."

"मी नऊ माणसांसमोर सांगितलंय."

"अरे, ते मीच म्हणवून घेतलं होतं तुझ्याकडून."

मी चमकून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तोंडातून खरं वाक्य निघालं होतं, आणि तेही स्वतःच्या गरजेपोटी.

"म्हणूनच," भाऊजी शांतपणे म्हणाले. "दारफळणीला माफी मागितलेलं पाप पुन्हा कसं करू?"

मास्तर माझ्याकडे वळले. "तू तरी सांग. ताईची पत्रं तू वाचायचीस. दुसरं कुणी नाही गं मला विचारायला."

"बायकांची पत्रं काय ऐकायची, मास्तर," मी म्हणाले. "चहा घ्या, निवतोय."

त्यांनी चहा घेतला नाही. काठी शोधली, ती हातातच होती. फाटकापर्यंत गेले, तिथं थोडं थांबले, मग रस्त्याला लागले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही, आजही येत नाही. ताईला मात्र आली. ती दाराशी येऊन म्हणाली, "सांगायचं होतं हो. म्हातारा माणूस आहे. जे होतं ते सांगून टाकायचं."

भाऊजी खुर्चीच्या पायावर हात फिरवत राहिले.

"काय सांगू?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तेच एक वाक्य म्हणत आलोय. आता तिथं खरं कसं होतं, ते माझं मलाच आठवत नाही."

बाहेर मास्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. दापोडीवरून पुण्याकडे जाणारी बस आली, कंडक्टरनं यांच्याकडे बघितलं. यांनी हात केला नाही, आणि बस निघून गेली.